निरगुडसर ते टोरोंटो, फक्त सहा तास

मुलीनं कॅनडाहून पाठवलेलं तिच्या आईचं विमानाचं तिकीट आपण स्वतः वाचायचं, कुणाला काही विचारायचं नाही, असं चिमाजी टाव्हरे गुरुजींनी ठरवलं आणि घोळाला तिथूनच सुरुवात झाली.

तसं पाहिलं तर ठरवण्यात गैर काही नव्हतं. गुरुजींनी एकतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला होता. (मधली दोन वर्षं शाळेत माणूस नव्हता म्हणून पी.टी.सुद्धा शिकवली. त्या दोन वर्षांतली पोरं आता चाळिशीला आली तरी उठताना गुडघ्याला हात लावतात, असं गावात म्हणतात.) निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेला पृथ्वीगोल टीव्हीशेजारी ठेवलेला होता आणि त्याच्यावरची धूळ गुरुजी रोज स्वतःच्या उपरण्यानं पुसत. ज्या माणसानं अर्ध्या निरगुडसरला अक्षांश-रेखांश पाठ करायला लावले, त्यानं एक कागद वाचायला पोरीला फोन करायचा म्हणजे काय!

प्राची ही त्यांची एकुलती एक मुलगी. अवसरीच्या कॉलेजात इंजिनियर झाली, सुदर्शनशी लग्न केलं आणि दोघं टोरोंटोला गेली. आता तिचे दिवस भरत आले होते. तिकडं दवाखाना चांगला, डॉक्टर चांगले, सगळं चांगलं. पण "मला आई पाहिजे" म्हणून ती फोनवर रडली आणि कुशाबाईंचा पासपोर्ट निघाला. कुशाबाईंचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे तुळजापूर. तोही गाडी लागत असल्यामुळे त्यांनी बराचसा खिडकीबाहेर तोंड काढून केलेला.

"आप्पा, तिकीट पाठवलंय," प्राची म्हणाली होती. "वेळांचं जरा नीट समजून घ्या हं. मी सांगते..."

"तू मला भूगोल शिकवू नकोस," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिकिटावर लिहिलं होतं : मुंबई, बारा मे, पहाटे साडेचार. टोरोंटो, बारा मे, सकाळी साडेदहा.

गुरुजींनी साडेदहातून साडेचार वजा केले.

"सहा तास," त्यांनी जाहीर केलं.

कुशाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "सहाच? कॅनडा एवढं जवळ हाय व्हय?"

"जवळ नाही. विमान फास्ट आहे."

"अवो, सहा तासांत तर आपली एष्टी कोल्हापूरलासुदिक टेकत न्हाई."

"म्हणूनच लोक विमानानं जातात," गुरुजी म्हणाले.

आता कुणी म्हणेल, भूगोलाच्या मास्तराला प्रमाणवेळ कशी आठवली नाही? आठवली होती, हेच तर दुर्दैव. जगाच्या घड्याळात फरक असतो हे गुरुजींना झोपेत उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण त्यांनी त्यावर विचार केला. (न आठवलेली गोष्ट एक वेळ परवडते. गुरुजींनी विचार केलेली परवडत नाही, असं कुशाबाईंचं जुनं मत आहे.) विमान सुटणार मुंबईहून. प्रवासी आपला. मग एकाच कागदावर दोन देशांच्या दोन वेगळ्या वेळा छापायला ती कंपनी काय खुळी आहे? माणसानं किती घड्याळं बांधायची हाताला? एका कागदावर एकच घड्याळ असणार, आणि ते भारताचं असणार. झालं, निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर कूलर दुरुस्त करायला आला. चौकात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. हा गुरुजींचाच विद्यार्थी, आता स्वतः सासरा झालेला. कूलर उघडता उघडता त्यानं गुरुजींना पृथ्वीगोलावर दोरा लावताना पाहिलं.

"काय मोजताय गुरुजी?"

"मुंबई ते टोरोंटो. साडेबारा हजार किलोमीटर. सहा तासांत."

दस्तगीरनं स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरला, मोबाइल काढला आणि भागाकार केला. मग स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढून म्हणाला, "ताशी दोन हजार त्र्याऐंशी किलोमीटर व्हतंय, गुरुजी. आमचा पोरगा हमजा म्हणतो, विमान आठशे-नऊशेनी जातंय."

"हमजा कुठं असतो?"

"सौदीला."

"हां. सौदीचं विमान वेगळं. जवळचं आहे ते. आणि दस्तगीर, एक गोष्ट तू विसरतोस. पृथ्वी कुठून कुठं फिरते?"

दस्तगीर उभा राहिला. पन्नाशी उलटली तरी या प्रश्नाला तो बसून उत्तर देऊ शकत नव्हता. "पश्चिमेकडून पूर्वेकडं, गुरुजी."

"विमान जाणार पश्चिमेला. म्हणजे विमान इकडून चाललंय आणि टोरोंटो तिकडून येतंय. पाहुणे आले की आपण शिवेपर्यंत सामोरे जातो ना? तसं टोरोंटो सामोरं येणार. म्हणून सहा तास."

कुशाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन् येताना?"

परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. गुरुजींनी ते पाहिलं. निघायचं रात्री आठला, पोचायचं दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला. म्हणजे साडेचोवीस तास. गुरुजींनी पृथ्वीगोल एकदा उलटा फिरवून पाहिला.

"येताना आपलं गाव पुढं पळत असतं," ते म्हणाले. "त्याला गाठायचं म्हणजे वेळ लागणारच."

दस्तगीर कूलरमध्ये तोंड घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. त्याचे खांदे हलत होते. निघताना दाराशी तो कुशाबाईंशी हळू आवाजात दोन शब्द बोलला. गुरुजींना वाटलं कूलरच्या पाण्याचं असेल.

मग गुरुजींनी वेळापत्रक केलं. शाळेतल्यासारखंच, जाड कागदावर, लाल-निळ्या स्केचपेननं. पहाटे साडेचार ते पाच, नामस्मरण. पाच ते सात, झोप. सात वाजता तोंड धुणे. साडेसातला साखरेची गोळी, एक. आठ ते दहा, खिडकीतून देश पाहणे. साडेदहाला उतरणे. कुशाबाईंना साखरेचा त्रास होता, त्यामुळे गोळी महत्त्वाची. पण सहा तासांत एकच लागणार म्हणून गुरुजींनी एक गोळी कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवली आणि बाकीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली घातल्या. ही बॅग विमानाच्या पोटात जाते हे त्यांना माहीत होतं. पर्समधल्या दशम्यासुद्धा त्यांनी बाहेर काढल्या.

"सहा तासांत काय खायचंय? लोक हसतील. तिथं उतरून पोरीच्या हातचं गरम जेव."

कुशाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, दशम्यांकडं पाहिलं आणि दशम्या आत नेल्या.

अकरा मेच्या दुपारी पुतण्या अमृतची गाडी दारात लागली. गुरुजी विमानतळावर जाणार होतेच. पण दोन मोठ्या बॅगा, कुशाबाईंच्या दोन बहिणी, एक मावशी आणि "मला विमानतळ बघायचाय" म्हणणारी शेजारीण, इतकं भरल्यावर गुरुजींना जागा उरली नाही.

"हरकत नाही," ते म्हणाले. "मी इथून कंट्रोल करतो."

कुशाबाई गाडीत बसल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या कधी आठ दिवसांहून जास्त घराबाहेर राहिल्या नव्हत्या. काच खाली करून त्या म्हणाल्या, "नीट ऱ्हावा." गुरुजींना पुष्कळ बोलायचं होतं. ते म्हणाले, "वेळापत्रक घेतलंस ना?" आणि गाडी गेली.

बारा मेला गुरुजी पहाटेच उठले. पाच वाजता अमृतचा फोन आला, विमान वेळेवर उडालं, आता आम्ही सगळे महालक्ष्मीचं दर्शन घेऊन येतो. गुरुजींनी ताबडतोब गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : 'आज सकाळी ठीक साडेदहा वाजता सौ. कुशाबाई कॅनडाच्या भूमीवर पाऊल ठेवतील. थेट व्हिडिओ कॉल आमच्या घरी टीव्हीवर दाखवण्यात येईल. चहाची सोय आहे.'

शेवटच्या वाक्यामुळे असेल, पण दहा वाजेपर्यंत ओसरी भरली. डेअरीचे चेअरमन गेणभाऊ पहिल्या खुर्चीवर बसले. (गेणभाऊ कुठंही गेले तरी पहिली खुर्ची त्यांची वाट पाहत असते.) दस्तगीरनं मोबाइल टीव्हीला जोडून दिला. टीव्हीवर कुशाबाईंचा पासपोर्टचा फोटो लावला होता. त्यात त्या कुणावर तरी रागावल्यासारख्या दिसत होत्या.

साडेदहा वाजले. गुरुजींनी कुशाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. लागला नाही.

"उतरतीय," गुरुजी म्हणाले. "पायऱ्या असतात."

पावणेअकरा. लागला नाही. "बॅगा यायला वेळ लागतो."

अकरा. त्यांनी प्राचीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. सुदर्शनला लावला. तोही वाजला आणि बंद झाला. परत प्राचीला. परत सुदर्शनला. सव्वाअकरापर्यंत चहाची दुसरी फेरी झाली आणि ओसरीवरची बोलणी हळूहळू कमी झाली.

गेणभाऊंनी घसा साफ केला. "गुरुजी, नक्की किती वाजता पोचायला पायजे व्हतं विमान?"

"साडेदहा."

"आन् पोरगी-जावई न्यायला येणार व्हते?"

"हो."

"आन् तिघं बी फोन उचलंनात."

"हो."

 गेणभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ती टोपी पाहिली आणि गुरुजींनी तिकीट काढून पहिल्यांदा परत वाचलं.

"गुरुजी," मागून दस्तगीर म्हणाला, "तिकडं आता किती वाजले असतील?"

"दस्तगीर, ही वेळ भूगोलाची आहे का?" गुरुजी ओरडले.  

"टीव्हीवर बातम्या लावा," कुणीतरी म्हणालं. कुशाबाई गेल्या आणि बातम्या आल्या. कांद्याचा भाव होता, क्रिकेट होतं, एका नटीचं लग्न होतं. विमानाचं काहीच नव्हतं.

"कायबी दाखवंनात," गेणभाऊ म्हणाले. "म्हंजे दाबलंय."

हे ऐकून दोन बाया आत गेल्या आणि त्यांनी चूल बंद केली.

शेवटी तिकिटावर छापलेल्या कंपनीच्या नंबरला फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा, चौकशीसाठी चार दाबा, असं दाबत दाबत दहा मिनिटांनी एक मुलगी बोलली. गुरुजींनी फोन स्पीकरवर टाकला. सगळी ओसरी कान देऊन ऐकू लागली.

"मॅडम, हमारी मिसेस का विमान किधर है?"

मुलीनं नंबर विचारला, खटखट केलं. "सर, फ्लाइट रास्ते में है. बिलकुल ऑन टाइम है."

"ऑन टाइम कैसे? पोचने का टाइम क्या है?"

"साढ़े दस, सर."

"साढ़े दस बज गये!"

"नहीं सर, अभी नहीं बजे."

गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सगळ्या ओसरीनं पाहिलं. बारा वाजायला पाच मिनिटं होती.

"मॅडम, बज गये! यहाँ पचास लोग बैठे हैं, सबके घड्याळ में बज गये!"

"सर, साढ़े दस बजने में अभी आठ घंटे हैं."

गुरुजींनी फोन बंद केला.  "यांच्याकडं घड्याळसुद्धा नाही," ते म्हणाले.

"कबूल करायचं न्हाई त्यास्नी," गेणभाऊ म्हणाले. "वेळ काढत्यात. मी आमदारसायबांच्या पीएला फोन लावतो."

"गुरुजी, माझं जरा..." दस्तगीर परत म्हणाला.

"दस्तगीर, गप ऱ्हा की! माणसाच्या घरावर काय बेतलंय आन् तुझं काय मधीच," गेणभाऊ म्हणाले.  निरगुडसरात चेअरमनला आडवं जाऊन आजवर कुणाचं दूध डेअरीत गेलेलं नाही.

दुपारी दीडच्या सुमाराला रस्त्यावरूनच रडण्याचा आवाज आला. गुरुजींची बहीण सखूबाई बोरी बुद्रुकहून आली होती. ग्रुपवरची बातमी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाता जाता, विमानाला उशीर झाला, विमान लागत नाही, विमान सापडत नाही, अशी वाढत वाढत बोरीला पोचेपर्यंत पार पुरी झाली होती. सखूबाईंचं आणि कुशाबाईंचं चार वर्षं बोलणं नव्हतं. कारण कुणालाच नीट माहीत नव्हतं. ते सखूबाईंनी उंबऱ्यावर बसून स्वतःच सांगितलं.

"वहिनी गं! तुझं पुरणयंत्र माझ्याकडंच हाय गं! न्हाई म्हणून खोटं बोलले मी! आता कुणाला दिऊ गं माघारी!"

"सखू, अजून काही कळलेलं नाही," गुरुजी म्हणाले.

"दादा, तू रडून घे," सखूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या गळ्यात पडल्या.

शेजारच्या घरातून पिठलं-भाकरीची टोपली आली. ती पाहून गुरुजी उठले आणि त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. आपल्या घरी दुसऱ्याच्या चुलीवरचं पिठलं कधी येतं, हे त्यांना माहीत होतं.

आत गार होतं. ओट्यावरच्या डब्यांवर कुशाबाईंनी जाताना खडूनं लिहून ठेवलं होतं. 'साखर.' 'मीठ. चव घेऊन बघा.' 'तुमची गोळी. जेवल्यावर. आधी न्हाई.' दाराच्या मागं 'खिडकी लावा मांजर येतं.' गुरुजींनी तिला पस्तीस वर्षांत एकच कागद लिहून दिला होता, आणि त्यात काय होतं, तर तोंड धुणे. ते डब्याला टेकून उभे राहिले. बायकोला आपण काल नीट ये म्हणालो नाही, सांभाळून जा म्हणालो नाही, वेळापत्रक घेतलंस का म्हणालो, हे त्यांना आठवलं आणि एकतीस वर्षं सबंध वर्गाला दम देणारा हा माणूस मिठाचा डबा हातात घेऊन मुसमुसून रडला.

साडेतीन वाजता फोन वाजला. प्राची.

गुरुजी बाहेर धावले. फोन टीव्हीला जोडलेलाच होता, त्यामुळे प्राची भिंतभर दिसली. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप, मागं अंधूक उजेड.

"आप्पा! काय झालं? साठ मिस्ड कॉल आहेत! डॉक्टरांनी झोपायला सांगितलंय म्हणून फोन सायलेंटवर होता."

"प्राची, आई कुठंय?"

"विमानात!"

"अजून?"

"आप्पा, इथं आत्ता सकाळचे सहा वाजलेत. साडेदहाला उतरेल ती. आमच्या साडेदहाला! तुमच्या रात्री आठला. पंधरा-साडेपंधरा तासांचा प्रवास आहे. मी सांगणार होते, तर तुम्ही..." तिला मागची माणसं दिसली. "आप्पा, घरी एवढी गर्दी का आहे? आणि आत्या का रडतेय?"

 मग पन्नास माणसं एकदम गुरुजींकडं वळली. गेणभाऊंनी मांडीवरची टोपी उचलून हळूच डोक्यावर घातली.

"दस्तगीर," ते म्हणाले, "तुला ठाऊक व्हतं?"

"दोन वेळा बोलायला गेलो, चेअरमन."

"मग जोरात बोलायचं ना, मर्दा!"

सखूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या जवळच्या बायांना म्हणाल्या, "पुरणयंत्राचं कुणी वहिनीला सांगू नगा."

हसू सगळ्यांनाच आलं होतं, पण गुरुजी हसले नाहीत.  साडेपंधरा तास! आणि पर्समध्ये गोळी एक! खायला काही नाही! दशम्या आपणच काढून घेतल्या! तिला परक्या माणसाकडं मागायला येत नाही, इंग्रजी येत नाही, साखर कमी झाली की तिला अंधारी येते. विमान पडलं नाही हे बरं झालं; पण त्यात बसलेल्या बाईचं काय झालं असेल, ते आता सर्वस्वी आपल्या वजाबाकीवर होतं.

घरी जा म्हटलं तरी माणसं गेली नाहीत. आता त्यांना पुढचं बघायचं होतं. पिठलं-भाकरी फुकट जायला नको म्हणून सगळ्यांनी जेवून घेतलं. गुरुजींनी घास घेतला नाही. आठ वाजले. साडेआठ वाजले. पावणेनऊला टीव्हीवर कुशाबाई आल्या. नाकापर्यंत स्वेटर, कपाळावर कुंकू ठसठशीत. शेजारी प्राची मोठं पोट सांभाळत हसत होती.

"कुशा!" गुरुजी म्हणाले. सगळ्या गावासमोर त्यांनी बायकोला नावानं हाक मारली ती ही पहिलीच. "चक्कर आली का? गोळीचं काय केलंस?"

"घेतल्या की. तीन येळा."

"एकच होती ना?"

"अख्खं पाकीट कमरेच्या पिशवीत व्हतं माज्या. आन् दशम्या बी व्हत्या. शेजारी एक पंजाबी बाई व्हती. तिला लई आवडल्या. चटणी मागून घेतली तिनं."

गुरुजी खुर्चीवर बसले. "तुला माहीत होतं? पंधरा तास लागणार म्हणून?"

"दस्तगीरभाऊ बोलले व्हते दारात. नीट समजंना, म्हणून मग मी त्यांच्या बायकोकडं, नूरजहाँकडं जाऊन बसले. तिचं पोरगं सौदीला हाय न्हवं. तिनं समदं समजावून सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

कुशाबाईंनी टीव्हीतून गावाकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण टीव्ही मोठा होता, सगळ्यांना ऐकू आलं. "सांगितलं असतं तर तुमी पंधरा तासांचं टायमटेबल केलं असतं. आन्... मी भ्यालेली व्हतेच. एका घरात दोघांनी कशाला भ्यायचं? तुमी सहा तास म्हणून निवांत झोपत व्हता."

गुरुजींना काहीतरी बोलायचं होतं. काल गाडीपाशी राहिलेलं सगळंच बोलायचं होतं. पण समोर पन्नास माणसं आणि पहिल्या खुर्चीवर गेणभाऊ. ते म्हणाले, "नीट ऱ्हा तिकडं."

"व्हय," कुशाबाई म्हणाल्या. मग डोळे बारीक करून त्यांनी टीव्हीबाहेर पाहिलं. "पण ही एवढी माणसं कशाला आलीत? मी घरात असताना कुणी पाणी प्यायला येत न्हाई."

 एकेक जण चपला शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मंचरला गेले आणि एक नवं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. ते त्यांनी पलंगासमोर लावलं, टोरोंटोची वेळ लावली आणि खाली चिठ्ठी चिकटवली : 'कुशाबाई'. आता बायको उठली असेल, आता जेवली असेल, आता दवाखान्यात गेली असेल, हे त्यांना कुणालाही न विचारता कळणार होतं. दस्तगीरला मुद्दाम बोलावून त्यांनी ते दाखवलं. दस्तगीरनं मान डोलावली. आठवडाभर सगळं व्यवस्थित चाललं.

मग एका दुपारी जेवून गुरुजींना गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा बाहेर आभाळ भरून अंधारलं होतं. समोर घड्याळात सहा वाजले होते. गुरुजी दचकून उठले. कुशाबाई गेल्यापासून म्हशीचं सगळं त्यांच्यावर होतं आणि संध्याकाळचं दूध सव्वासहाच्या आत डेअरीत घालावं लागे. बादली घेऊन ते गोठ्यात धावले आणि घाईघाईनं धारेला बसले.

म्हशीनं आधी मान वळवून त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग बादली उडवली आणि मागच्या पायानं गुरुजींना शेणात बसवलं.

गुरुजी तसेच शेण झाडत, मोकळी किटली घेऊन डेअरीवर गेले. डेअरीला कुलूप होतं. गेणभाऊ बाहेर कट्ट्यावर पाय सोडून चहा पीत बसले होते.

"म्हैस आज दूध देईना," गुरुजी म्हणाले. "आजारी दिसते."

गेणभाऊंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"आजारी कशाची, गुरुजी. आत्ता कुठं पावणेचार वाजल्यात. तिला प्रमाणवेळ ठाऊक हाय."